नेरुरकरांचे बावीस शिंपले

नेरुरकरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते गॅलरीत उभे राहून दगड चाटत होते. मी नुकतीच घाटकोपरच्या एका मुलींच्या शाळेत ड्रॉइंग टीचर म्हणून लागले होते आणि आई-दादांबरोबर त्या चाळीत राहायला येऊन दोनच दिवस झाले होते. धोतर आणि गंजिफ्रॉक घातलेला, जाड चष्म्याचा, पन्नाशीतला एक गृहस्थ सकाळच्या उन्हात एक काळपट गोळा जिभेला लावतो, डोळ्यांशी नेतो, पुन्हा जिभेला लावतो, हे पाहून मी कळशी तशीच कडेवर घेऊन थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जराही न ओशाळता म्हणाले, "ओला झाला की रेघा दिसतात. म्हणजे, दिसाव्यात."

हे 'दिसाव्यात' म्हणजेच नेरुरकर. ते शहरातल्या एका कॉलेजात भूशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते आणि पंचवीस वर्षं डेमॉन्स्ट्रेटरच होते. काहीही ठामपणे सांगायची वेळ आली की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे : "तसं म्हणता येईल. पण तसं नसेलही." आमटीत मीठ बरोबर आहे ना, असं त्यांच्या बायकोने, काकूंनी, विचारलं तरी हेच. काकू मालवणकडच्या. त्या माझ्याकडे वळून म्हणायच्या, "लग्नात भटान विचारल्यान तेवाय ह्येंनी ह्याच सांगितल्यानी आसतला." नेरुरकर यावरही थोडा विचार करत.

तो दगड म्हणजे शिंपला होता. दगड झालेला शिंपला. असे बावीस शिंपले त्यांच्याकडे एका पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात होते आणि डबा कपाटात काकूंच्या लग्नातल्या शालूशेजारी ठेवलेला असे. मी चित्रं काढते हे कळल्यावर एका रविवारी त्यांनी मला बोलावलं आणि शिंपले चटईवर मांडले. नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेले, म्हणाले. मी म्हटलं, नर्मदेत समुद्राचे शिंपले कसे? "तेव्हा तिथे समुद्र होता. क्रिटेशस काळ. आपल्या ह्या टेकडीचा काळा दगड आहे ना, खाणीतला, तो नंतर आला. हा शिंपला टेकडीपेक्षा वडील आहे." मी खिडकीतून टेकडीकडे पाहिलं. लहानपणापासून डोंगर म्हणजे सगळ्यांत जुनी गोष्ट अशी माझी समजूत होती. ती त्या दिवशी गेली आणि तिच्या जागी दुसरी काही नीट बसली नाही.

डबा मुळात आगाशे सरांचा. आगाशे म्हणजे नेरुरकरांचे गुरू. रिटायर होताना त्यांनी हा डबा नेरुरकरांच्या हातात दिला होता आणि सांगितलं होतं, "यात एक नवीन आहे. बघ." नवीन म्हणजे जगात आजवर कुणी वर्णन न केलेली जात. नेरुरकर चौदा वर्षं बघत होते. अखेर त्यांनी बावीसचे दोन गट पाडले होते. एक गट जुन्या, माहीत असलेल्या जातीचा. दुसऱ्या गटातले शिंपले किंचित जास्त फुगीर, त्यांच्यावरच्या उभ्या रेघा जरा दाट आणि चोच म्हणजे शिंपल्याचं वरचं टोक थोडं पुढे झुकलेलं. हीच ती नवी जात. तिला ते आगाशे सरांचं नाव देणार होते : कार्डियम आगाशेई. आगाशे आता मुलुंडला मुलाकडे अंथरुणाला खिळून होते. डोळे जवळजवळ गेले होते. नेरुरकर दर रविवारी त्यांना भेटून येत आणि दर रविवारी सर एकच प्रश्न विचारत, "नेरुरकर, झालं का रे?"

निबंध लिहून तयार होता. राहिली होती फक्त चित्रं. ती मी काढायची.

मला वाटलं, शिंपल्याची चित्रं म्हणजे काय मोठंसं, चौथीच्या मुली काढतात. पण नेरुरकरांचं शास्त्र वेगळं होतं. उजेड नेहमी डावीकडून वरून आलेला दाखवायचा. छाया रेघांनी नाही, ठिपक्यांनी. सौंदर्य अजिबात घालायचं नाही. "तुम्ही ह्याला सुंदर केलंत, मास्तरीणबाई," ते एकदा दुःखाने म्हणाले आणि मी तीन संध्याकाळी खपून काढलेलं चित्र बाजूला ठेवलं. दोन शिंपा जिथे जुळतात त्या बिजागरीचे दात मोजून घ्यायचे, अंदाजाने नाही. शिवाय शिंपले अधूनमधून गट बदलत. मंगळवारी नव्या जातीत असलेला शुक्रवारी जुन्या जातीत गेलेला असे, आणि रविवारी बिचारा परत येई. म्हणून नेरुरकरांनी त्यांच्यावर पक्के आकडे टाकलेच नव्हते. रीत अशी की पांढऱ्या रंगाचा टिपका लावून त्यावर शाईने आकडा लिहायचा आणि वर व्हार्निश द्यायचं. यांनी काय केलं, तर पेन्सिलीने आकडे लिहिलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या खळीने चिकटवल्या होत्या. अ-एक, अ-दोन, ब-एक, ब-दोन. 'ब' म्हणजे नवीन.

ब-चार हा टाइप होता. टाइप म्हणजे काय ते त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. "नाव जातीला नसतं, बाई. नाव ह्या एका शिंपल्याला असतं. बाकीचे त्याच्यासारखे आहेत असं आपण म्हणतो, म्हणून त्यांना ते मिळतं." मी विचारलं, आणि नसले त्याच्यासारखे तर? ते म्हणाले, "तोच तर प्रश्न आहे."

बावीसही शिंपल्यांची कच्ची रेखाटनं मी माझ्या वहीत करून घेतली, प्रत्येकाखाली त्याचा आकडा घातला. ब-चारचं पक्कं चित्र नावासकट कसंबसं झालं होतं. आता बाकीच्यांची पक्की ठिपक्यांची चित्रं करायची होती, पण रेघांच्या खाचांत माती घट्ट बसलेली. मातीचे ठिपके काढू की दगडाचे, मला कळेना. नेरुरकर कॉलेजात गेले होते. मी काकूंना विचारून डबा घरी आणला, परातीत कोमट पाणी घेतलं, सोडा टाकला आणि बावीसच्या बावीस शिंपले भिजत घातले. शाळेत ब्रश धुताना मी असंच करते. अर्ध्या तासाने पाहते तो पाणी तांबडं झालेलं आणि बावीस चिठ्ठ्या वर तरंगत होत्या.

मी काय केलंय हे मला चिठ्ठ्या पाहूनच कळलं. काकू डोकावून म्हणाल्या, "ह्यो तिसऱ्यो काय जन्मात शिजूच्यो नायत गो." तिसऱ्या म्हणजे खायचे शिंपले. मला हसू येईना.

संध्याकाळी नेरुरकर आले. मी रडवेली होऊन सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. उलट माझी समजूत घालायला लागले, "अहो, हरकत नाही. मी ओळखतो ना त्यांना. चौदा वर्षं ओळखतो." त्यांनी दोन ताटं मागवली, खिडकीशी बसले आणि एकेक शिंपला हातात घेऊन, वळवून, अंगठा फिरवून, डाव्या नाहीतर उजव्या ताटात ठेवायला लागले. पाऊण तास लागला. झाल्यावर चष्मा पुसत म्हणाले, "हं. हे असे." इतक्या ठामपणे बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

ती ताटं मी तशीच घरी नेली आणि वही उघडली. माझ्याकडे रेखाटनं होती, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं की त्यांना गरज वाटली नव्हती, कोण जाणे. प्रत्येक शिंपल्याला कुठेतरी टवका असतो, तडा असतो, त्यावरून मी तो हमखास ओळखू शकत होते. लावून पाहिले. बावीसपैकी सात चुकीच्या ताटात होते. आणि त्या सातांत ब-चार होता. ज्या एका शिंपल्याला नाव मिळायचं होतं, तोच नेरुरकरांनी जुन्या जातीच्या ताटात टाकला होता.

दोन दिवस मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला काहीच समजत नव्हतं. चूक माझी होती की त्यांची? मी धुतलं नसतं तर ती जात नवीन राहिली असती का? मग ती पाण्यात विरघळली, असं म्हणायचं का? जगात ही गोष्ट माहीत असलेली मी एकटी होते, आणि मी तर तिसरीच्या मुलींना आंब्याचं पान शिकवणारी बाई. ताटं बदलून शिंपले आपल्या जागी ठेवून द्यावेत, असंही एकदा मनात आलं. ठेवलेही. पुन्हा काढले.

शुक्रवारी चहाच्या वेळी वही घेऊन गेले आणि सांगून टाकलं. नेरुरकरांनी कप खाली ठेवला. सगळे शिंपले एकत्र करून पुन्हा वाटणी केली. आता नऊ चुकले. तिसऱ्यांदा केली, तेव्हा पाच चुकले, पण ते पाच वेगळेच होते. मग त्यांनी विचारलं, "पाणी कसलं झालं होतं?"

"तांबडं."

"जुन्या जातीचे ओढ्याच्या काठच्या तांबड्या मातीतले. नवीनचे वरच्या पिवळ्या थरातले." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "मी माती ओळखत होतो, बाई. शिंपले नाही."

काकूंनी विचारलं, काय झालं. ते म्हणाले, "काही नाही. एकच जात आहे." पुढे 'पण' येईल म्हणून काकू आणि मी दोघी थांबलो. आला नाही.

मला त्यांची फार कणव आली, आणि थोडा रागही. मी म्हटलं, काका, निबंध तयार आहे, चित्र तयार आहे, हे शिंपले परत कोण धुणार आहे? "कुणी नाही," ते म्हणाले. "पण आपण धुतले ना." मग त्यांनी मला चित्राखालचं नाव काढून टाकायला सांगितलं. मी ते सुबक अक्षरांत शाईने लिहिलं होतं. ब्लेडने खरवडून काढलं. कागदावर तेवढी पट्टी खरखरीत झाली.

रविवारी ते म्हणाले, तुम्हीही चला मुलुंडला, चित्र घेऊन. सरांना मी सगळं सांगणार आहे. वाटेत ते काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते, हे त्यांच्या ओठांवरून दिसत होतं.

आगाशे सर खिडकीजवळच्या कॉटवर होते. माणूस असा राहिलाच नव्हता, पांघरुणाखाली नुसत्या सुरकुत्या. आवाज मात्र वर्गातला. "नेरुरकर, झालं का रे?"

नेरुरकर म्हणाले, "सर..." आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "सर, तसं म्हणता..." आणि पुन्हा थांबले. त्यांच्या हातातली टोपी गोल गोल फिरत होती. सून चहा घेऊन आली आणि ठेवून गेली, तरी त्यांचं वाक्य पुरं झालं नाही.

"चित्र आणलंय म्हणे," सर म्हणाले. मी ते त्यांच्या हातात दिलं. दिसत काहीच नव्हतं त्यांना. अंगठा कागदावरून सावकाश फिरवत ते खाली आले, त्या खरवडलेल्या पट्टीवर थांबले. पुढे गेले, परत मागे आले.

"इथं कागद खरखरीत लागतो."

सरांनी मान माझ्याकडे वळवली.

"बाई, तुम्ही काढलंत ना हे? खाली काय लिहिलंय, वाचा."

मी नेरुरकरांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातलेली. कागदावर तिथे काहीही नव्हतं. मी वाचलं, "कार्डियम आगाशेई."

सरांनी चित्र छातीवर ठेवलं आणि म्हणाले, "बरं." थोड्या वेळाने, "चहा घ्या, निवेल." ते खरोखर खूश झाले होते की त्यांच्या अंगठ्याला सगळं कळलं होतं, मी आजपर्यंत ठरवू शकलेले नाही. तीन आठवड्यांनी ते गेले. नेरुरकरांनी पुढे त्या शिंपल्यांवर एक छोटं टिपण छापलं, जुनीच जात, निरनिराळ्या थरांत सापडणारी, असं. त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. नेरुरकरही आता नाहीत. मोठे विद्वान नव्हते ते, पण इतका सच्चा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्या माणसाला मी एकदाच, एकाच गोष्टीत दुखावलं.

त्या दिवशी आगाश्यांच्या घरून निघाल्यावर ते स्टेशनापर्यंत माझ्यापुढे चार पावलं चालत होते. पुलाच्या पायऱ्यांशी थांबले. मला वाटलं, आभार मानतील. निदान, ठीक केलंत म्हणतील. ते म्हणाले, "खरं असो की खोटं असो, बाई, ते मी बोलायला हवं होतं. चौदा वर्षं ते मलाच विचारत होते."