फुलचूरच्या ठेल्यावर आयर्लंडची निवडणूक

निवडणूक म्हटलं की मला थकवा येतो. हा थकवा वयाचा नाही, नोकरीचा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर मास्तरकी केली आणि जवळजवळ प्रत्येक निवडणुकीची ड्युटी माझ्या गळ्यात पडली. केशोरीकडच्या नक्षलग्रस्त भागातल्या केंद्रांवर दुपारी तीनलाच मतदान आटपायचं, सामान गुंडाळायचं आणि पोलिसांच्या सोबतीने अंधार पडायच्या आत बाहेर निघायचं. धुळीने माखून घरी पोचावं तर अंघोळीच्या आधीच दारात कोणीतरी उभा असायचा. "सर, कोन येऊन राहिला?" जसा काही मी मशीनमध्ये डोकावूनच आलो होतो. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळापेक्षा जास्त आनंद मला या गोष्टीचा झाला होता की आता हा प्रश्न कोणी विचारणार नाही. पण तो सुटला नाही. या वेळी तो थेट आयर्लंडहून आला.

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरला आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर चहाचा ठेला आहे. ठेलेवाला माझाच विद्यार्थी, दवनीवाड्याच्या शाळेतला. वर्गात कधी तोंड उघडायचा नाही, आणि आताही दिवसभर दुसऱ्यांचंच ऐकत असतो. सकाळी माझ्यासोबत दोन माणसं तिथे ठरलेली. एक पाइप आणि पाण्याच्या मोटारींचा दुकानदार, मराठी ऐकणारा पण हिंदीत बोलणारा, ज्याच्या मोबाइलमध्ये सट्ट्याचं ॲप आहे. दुसरा दवनीवाड्याचा शेतकरी, आमच्याच पोवार समाजातला. पोरांच्या शाळेसाठी त्याने फुलचूरला घर बांधलं. धान तिकडे पिकतो आणि हा इकडे गप्पा पिकवतो.

दुकानदाराला क्रिकेटचा सामना नसला की चैन पडत नाही. दिवाळीच्या आधी अशाच एका रिकाम्या सकाळी त्याला ॲपमध्ये कुठेतरी आयर्लंडच्या राष्ट्रपतीची निवडणूक सापडली. उमेदवारांची नावं आणि समोर भाव. ज्याचा भाव कमी तो जिंकणार, असा बाजाराचा अंदाज. एवढं गणित गोंदियात शेंबड्या पोरालाही कळतं. त्याला नकाशात आयर्लंड दाखवता आलं नसतं, पण त्याने पैसे लावून टाकले आणि मग माझ्याकडे वळला.

"सर, आपकी बेटी वहीं है ना? जरा अंदर की खबर निकालो ना."

माझी मुलगी आयर्लंडमध्ये नर्स आहे. जाताना म्हणाली होती, पाच वर्षं काढते आणि वापस येते. पाचाची सहा झाली. पण येणार हे नक्की होतं, निदान माझ्या डोक्यात. गोंदियाला मेडिकल कॉलेज आहे, नागपूर काही लांब नाही, तिच्यासारख्या अनुभवी नर्सला काम मिळायला कितीसा वेळ लागणार? मी ठेल्यावर, बाजारात, लग्नाच्या पंगतीत सगळ्यांना सांगत होतो, पुढच्या वर्षी येतेय. हे पुढचं वर्ष दर दिवाळीला एकेक घर पुढे सरकत होतं, हे मला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं.

तिचा फोन आमच्या जेवणाच्या सुमारास यायचा, तिकडे तेव्हा सकाळ असते. अलीकडे हे फोन फार आखूड झाले होते. जेवलीस का, थंडी किती, ड्युटी कशी आहे. हे तीन प्रश्न संपले की आम्ही बापलेक पडद्यावर एकमेकांचं तोंड बघत बसायचो, आणि मग तिची आई माझ्या हातून फोन ओढून घ्यायची. दोघी कांद्याच्या भावापासून शेजारणीच्या सुनेपर्यंत सगळं बोलायच्या. मी बाजूला बसून ऐकायचो. रिटायर माणसाला घरात जेवढी जागा असते, तेवढीच मला त्या फोनमध्ये होती.

त्या दिवशी मी तिला विचारलं, "बाई, तुमच्याकडे राष्ट्रपती कोण येऊन राहिला?"

ती आधी गोंधळली. मग मी ठेल्याची हकीकत सांगितली तेव्हा अशी खळखळून हसली की आई स्वयंपाकघरातून धावत आली. "बाबा, गोंदियात? इथे माझ्या वॉर्डातले पेशंटही एवढं बोलत नाहीत याच्यावर!" मग तिने मला सगळं समजावून सांगितलं. तिथे राष्ट्रपतीला लोकच निवडतात, आपल्यासारखे आमदार-खासदार नाही. कागदावर शिक्का नाही मारायचा, पसंतीप्रमाणे एक, दोन, तीन आकडे लिहायचे. राष्ट्रपती मोठ्या बंगल्यात राहतो, पाहुण्यांचं स्वागत करतो, पण त्याच्या हातात फारसं काही नसतं. कितीतरी महिन्यांनी ती माझ्याशी, फक्त माझ्याशी, इतका वेळ बोलली. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी ही शिदोरी घेऊन ठेल्यावर गेलो.

"हातात काही नाई, तं मंग लढून कायले राहिले?" शेतकऱ्याने विचारलं.

"पावर से अपने को क्या," दुकानदार म्हणाला. "अपने को भाव से मतलब."

"बरं, कोनत्या समाजाचे होत ते उमेदवार? आन तिकडं मतं कोनाचे जास्त?"

मी सांगितलं की तिथे आपल्यासारखा समाज नसतो. त्याचा विश्वास बसला नाही. समाज नाही असा देश त्याने पाहिला नव्हता, आणि खरं म्हणजे मीही पाहिलेला नाही. पुढे बातमी आली की एका उमेदवाराने मधेच माघार घेतली, पण त्याचं नाव कागदावर छापलेलंच राहणार आहे. झालं, दोन दिवस ठेल्यावर त्याचीच चर्चा. त्याची मतं कोणाकडे वळतील, याचा हिशोब शेतकरी दवनीवाड्याच्या सरपंचाच्या निवडणुकीवरून लावत होता. मी रोज वैतागत होतो, रोज म्हणत होतो की या लोकांना कामधंदा नाही, आणि रोज दुपारी त्यांचेच प्रश्न घेऊन फोनसमोर बसत होतो. ती लोक बसमध्ये काय बोलतात ते सांगायची, टीव्हीवर कोण कसं बोललं ते सांगायची. तिची आई हात पुसत उभी राहायची आणि आपल्या पाळीची वाट बघायची.

एकदा शेतकऱ्याने विचारलं, "तुमची पोरगी कोनाले मत देते?"

"तिला मत नाही," मी म्हणालो. इतक्या वर्षांचा मास्तरी आवाज आपोआप लागला. "तिथे गावच्या कौन्सिलला कोणत्याही देशाचा माणूस मत देऊ शकतो, तो तिथे राहत असला म्हणजे झालं. ते मत तिने मागे दिलं होतं. पण राष्ट्रपतीला फक्त त्या देशाचे नागरिक. आणि तिला ते पाहिजे कशाला? ती तर वापस येऊन राहिली."

दुकानदाराने पुन्हा भाव बघितला.

तिकडे मतदान झालं तेव्हा आमच्याकडे भाऊबीज नुकतीच उरकली होती. आजूबाजूच्या गावांत मंडई, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रा, भरायला लागल्या होत्या. दुपारी फोन आला तेव्हा ती रस्त्याने चालत होती, कानटोपी घातलेली, मागे वाऱ्याचा आवाज. दुकानदाराने सांगून ठेवलं होतं की केंद्रावर गर्दी किती आहे ते विचारा, त्यावरून कळतं.

"गर्दी आहे का गं तिकडे?"

"नाही बाबा, काहीच नाही. मी आत्ता ड्युटीच्या आधी देऊन आली, लाइनीत कोणीच नव्हतं."

बोलून गेली आणि थांबली. चालायचीही थांबली. मी निवडणुकीच्या कामात म्हातारा झालेला माणूस, मला त्या वाक्याचा अर्थ कळायला वेळ लागायचं कारण नव्हतं. तरी मी म्हणालो, "आज कौन्सिलचंही आहे का?"

तिने हो म्हटलं असतं तर मी ते मानलं असतं, आणि कदाचित आजही मानत असतो. पण लहानपणापासून तिला खोटं बोलता येत नाही.

"नाही बाबा. राष्ट्रपतीचंच."

मग तिने सांगितलं. होळीच्या आधीच ती तिकडची नागरिक झाली होती. एका मोठ्या हॉलमध्ये कितीतरी देशांच्या लोकांसोबत शपथ घेतली. भारताचा पासपोर्ट जमा केला. भारताचं ओसीआय कार्ड काढलं आहे, त्यावर इथे कधीही येता येईल, राहता येईल. "मी तुम्हाला दिवाळीत सांगणार होती, बाबा. पण तुम्ही रोज निवडणुकीचं विचारत होते, इतके खूश दिसत होते. किती दिवसांनी आपण बोलून राहिलो होतो. मला नाही जमलं."

माझ्या हातून फोन तिच्या आईने घेतला. "तू जा ड्युटीवर. मी बघते," एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"तुले माहीत होतं?"

"होतं."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"साऱ्या फुलचुरात येऊन राहिली, येऊन राहिली म्हणत फिरत होते तुम्ही. तुम्हाले कोन सांगन?" असं म्हणून तिने माझ्यासमोर ताट ठेवलं.

मला दोघींचा राग आला. भात चिवडत बसलो आणि तो राग गिळत राहिलो. पोरीचं चुकलं असं मी तेव्हाही म्हणालो नाही, आजही म्हणत नाही. तिथे तिला मान आहे, मैत्रिणी आहेत, काम संपलं की स्वतःचा वेळ आहे. इथे येऊन तिने काय करावं अशी माझी इच्छा होती, हे मलाही धड सांगता आलं नसतं. ती डोळ्यांसमोर असावी, एवढंच. आपले पोवार पूर्वज माळव्यातून आले, इथे जंगल तोडून धानाच्या बांध्या घातल्या आणि इथलेच झाले, हे मी वर्गात किती अभिमानाने सांगत असे. पोरं मन लावून ऐकायची. ते निघाले तेव्हा माळव्यात मागे कोणाचे म्हातारे आईबाप राहिले असतील, हे मी कधी शिकवलं नाही. माझ्या ते मनातच आलं नाही.

दोन दिवस ठेल्याकडे फिरकलो नाही. रविवारी गेलो, कारण आणखी गैरहजर राहिलो असतो तर कोणीतरी तब्येतीची चौकशी करायला घरी आलं असतं आणि ते त्याहून अवघड. तोवर निकाल लागला होता. ज्या बाईंचा भाव कमी होता त्याच निवडून आल्या होत्या, आणि दुकानदार सगळ्यांना समोसे खाऊ घालत होता.

"सर की बेटी ने बराबर खबर दी थी," त्याने माझ्या हातात समोशाचा कागद ठेवत जाहीर केलं. "मत दे सकती तो उसी को देती, है ना सर?"

मी मान हलवून गप्प बसू शकलो असतो. पण फार थकलो होतो. न सांगण्यालाही जीव लागतो.

"दिलं तिनं मत," मी म्हणालो.

दुकानदार "अरे वा" म्हणाला आणि पुढे काही विचारणार होता, पण शेतकऱ्याने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मला वाटलं होतं, माझा तो नागरिकत्वाचा धडा कोणाच्या लक्षात नसेल. त्याच्या होता.

"म्हंजे तिकडचीच झाली?"

"हो."

त्याने चहा संपवला, पेला खाली ठेवला. "बरं झालं सर. एकदाचं समजलं तुम्हाले." इतकं सरळ म्हणाला की मला त्याचा रागही येईना. धानाची कापणी चालू आहे म्हणून तो उठला, दुकान उघडायचं आहे म्हणून दुकानदार उठला. दोघं एरवी तासभर हलत नाहीत.

मी तिथेच बसून राहिलो. समोसा गार झाला. ठेलेवाला पेले विसळत होता. माझ्याकडे न बघताच तो बोलायला लागला.

"सर, एक सांगू? रागावू नोका. मागं इथं एक पैज निघाली होती. तुमची पोरगी वापस येते का नाई म्हणून. दुकानवाल्या भाऊनं काढली होती."

माझ्या अंगात राग यायलाही ताकद उरली नव्हती. "मग? कोण जिंकलं?"

"लागलीच नाई ना. सारेच म्हणत, येनार नाई. येते म्हणून पैसे लावाले एकही मानूस तयार झाला नाई. एका बाजूची पैज कशी लागन?"

रस्त्यावरून धानाचे भारे लादलेला ट्रॅक्टर गेला.

"मला तरी विचारायचं होतं," मी म्हणालो. "मी लावले असते."

त्याने धुतलेला पेला उपडा ठेवला.

"म्हणूनच तं तुम्हाले नाई विचारलं, सर."