दलसिंगची नजर

सारंगखेड्याच्या पितांबर पाटलांकडे दलसिंग सालदार होता. बायको रूपलीला घेऊन तो डोंगरातल्या मोलगीकडून खाली उतरला, तेव्हा पाटलांनी त्याला औतापेक्षा नजरेसाठीच ठेवून घेतलं. पाटलांना ताऱ्यांचे फोटो काढायचं वेड होतं आणि स्वतःची नजर अधू. मळ्यात त्यांनी दुर्बीण बसवली होती. मृगाच्या पूर्वेला एका बारीक ताऱ्याला धुरकट पंखा चिकटलेला होता. तारा नुकता जन्मलेला असावा, पंखा दरसाल आकार बदलतो, असं पाटील म्हणत. ते सिद्ध करायला दर हिवाळ्यात एक फोटो हवा होता. काचेची प्लेट तीन तास उघडी ठेवायची, आणि तेवढा वेळ दलसिंगनं छोट्या दुर्बिणीला डोळा लावून, पेच फिरवत, तारा भिंगात ताणलेल्या दोन बारीक तारांच्या फुलीवर धरून ठेवायचा.

१९३४च्या पौषात असंच काम चाललं होतं. रूपलीची मावशी कालीबाई धापा टाकत मळ्यात आली. रूपली सकाळपासून अडली होती, आता रक्त थांबत नव्हतं.

"पाटील, गाडी द्या. शहाद्याले दवाखानामा लई जातो," दलसिंग म्हणाला. डोळा दुर्बिणीलाच होता.

"देस ना. दीड तास बाकी शे. आते सोडं तं दोन सालनी मेहनत पानीमा जाई."

"ती मरी जाई, पाटील."

"बायका बाळंत होतसच. तू हालू नको."

झोपडी पाटलांची, गाडी पाटलांची, बैल पाटलांचे. दलसिंग हलला नाही. कालीबाई शिव्या देत परत गेली. एकदाच त्याच्या मनात आलं, पेचाला एक झटका द्यावा, म्हणजे सगळंच संपेल. पण हात आपोआप फिरत राहिला. तारा फुलीवरून केसभरही सरकला नाही.

दीड तासानं गाडी जुंपली. शहाद्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा रूपली गेली, पोटातल्या पोरासकट.

तिसऱ्या दिवशी पाटलांनी त्याला बोलावून प्लेट उजेडात धरली. "देख! पंखानी एक कड गयी. जगमा कोनी इतकी साफ धरी नसई!" काचेवर नखाएवढा डाग होता. दलसिंगनं तो बराच वेळ पाहिला.

पुढच्या हिवाळ्यात पाटलांनी हाक मारली, तेव्हा कालीबाईला वाटलं हा जाणार नाही. तो गेला. डोळा लावला, पेच धरला, आणि तारा फुलीवरून अगदी सावकाश सरकू दिला. प्लेटवर पंख्याऐवजी ओरखडा उमटला. पाटलांनी पेच बदलला. पुढच्या साली पुन्हा ओरखडा. मग मुंबईहून नवं भिंग आणलं, चौथरा फोडून नव्यानं बांधला. अकरा हिवाळे दलसिंग न चुकता येत राहिला, आणि अकरा प्लेटा बिघडल्या. पाटलांच्या त्या फोटोवर कोणी विश्वास ठेवला नाही; बदल दाखवणारी एकच प्लेट, तीही पुन्हा न जमलेली. परगावच्या जाणत्यांनी पत्र पाठवून त्यांना खोटारडं ठरवलं.

शेवटी पाटलांचे डोळे पुरते गेले. ओसरीवर बसून ते प्लेटा बोटांनी चाचपत.

"दलसिंग, तू एकलाच मन्हा संगे टिकना," एकदा ते म्हणाले. "मन्हं काय चुकनं रे?"

"मले काय समजस, पाटील," दलसिंग म्हणाला, आणि त्यांचा हात धरून त्यांना जेवायला आत घेऊन गेला.