शर्यतीचा पंखा

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नव्हे. गुडघ्यामुळे मेडिकलवर फौजेतून बाहेर पडलो आणि आता झाशीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. माझं मराठी घरातलं, त्यात हिंदी फार. चुकलं तर सांभाळून घ्या. पण हवालदार जगदाळे उस्तादांबद्दल कोणीतरी लिहायला हवं.

तेव्हा आमची इंजिनिअर रेजिमेंट बबीनाला होती. मी ओबीएम ऑपरेटर, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवरचं इंजिन चालवणारा. बोटींची स्पर्धा जवळ आली होती. उस्तादांनी इंजिन फळीवर थोडं वर घेतलं आणि पाण्यात फिरणारा पंखा बदलून जास्त पिळाचा, हलक्या बोटीला वेग देणारा लावला. आम्ही दोघंच बसलो की बोट उडायची.

"ही बोट नाही राहिली, नीलगाय झाली," उस्ताद म्हणाले.

स्पर्धा झालीच नाही. बेतवेला पूर आला. एरचच्या पुढे एका गावात माणसं छतावर होती.

"बोट जैसी है, वैसी गाड़ी पे लोड करो," कॅप्टन साहेबांचा हुकूम आला. उस्तादांनी जुना पंखा टूलबॉक्समध्ये टाकला.

पहिल्याच फेरीत शाळेच्या छतावरून सात जण घेतले. सगळे भीतीने माझ्याभोवती, इंजिनापाशी गोळा झाले. बोटीचं तोंड वर गेलं. इंजिन नुसतं कण्हत होतं. शर्यतीच्या पंख्याला एवढं वजन ओढवेना. आम्ही प्रवाहाबरोबर मागे सरकत होतो आणि मागे, प्रवाहाच्या खालच्या अंगाला, पूल होता. पाणी त्याच्या स्लॅबला लागलं होतं, बोट खालून निघाली नसती.

"अम्मा, आगे सरको," उस्ताद एका म्हातारीला म्हणाले.

"हम तो इतईं बैठबी. आगे पानी है."

"पानी तो पीछे भी है, अम्मा. आगे मैं हूँ."

ती सरकली. तिच्यामागून बाकीचेही. तोंड खाली आलं, पण बोटीचं मागे सरकणं थांबेना. उस्तादांनी एका बाभळीला दोरी टाकली आणि पाण्यात उतरले. मी इंजिन उचलून धरलं. त्यांनी हाताने चाचपत पंखा बदलला.

"पिन बसली. स्टार्ट."

आता बोट प्रवाहात टिकून राहिली. पुढे मात्र जाईना. उस्ताद अजून बोटीची कड धरून होते; ती सोडून ते बाभळीच्या बेचक्यात चढले.

"बोट चढत नाहीये, उस्ताद. तुम्ही या आत, परत बघू."

"मी आत आलो तर आणखी जड होईल. इथेच थांबतो. दोरी सोडतोय. पुढच्या फेरीत घे मला."

"उस्ताद..."

"थ्रॉटल फुल. मागे बघू नको."

बोट हळूहळू चढली. सातही जणांना काठावर उतरवलं आणि रिकामी बोट घेऊन परत आलो. बाभूळ नव्हती.

त्यांच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. त्या जोरावर आम्ही शोधत राहिलो. साताऱ्याहून, उस्तादांच्या घरून, वहिनी रोज कंपनीत फोन करायच्या. पाण्यात जॅकेटसारखं नारिंगी काही दिसलं की मी बोट तिकडे वळवायचो. रेडिओ सेट खरखरला की मी इंजिन बंद करायचो, एक शब्दही निसटू नये म्हणून.

पाणी उतरायला लागलं होतं, तेव्हा सेट बोलला.

"कंट्रोल टू ऑल बोट्स. हवालदार जगदाळे मिल गए. ओव्हर."

"जिंदा? ओव्हर," मी विचारलं.

"निगेटिव्ह. सभी बोट वापस. आउट."