दारातलं घोंगडं

भाषणात कुणी 'आपला वारसा' म्हणालं की अजूनही माझं टाळकं सरकतं. नव्वदच्या दशकात मी बारामतीला शिकले, एम. ए. झाले. आमच्या कळंबच्या घरात मेंढरांमागं चालायचं सोडून पुस्तकांच्या मागं लागलेली मी पहिलीच. इंदापूरच्या बाजूला एक नवं कॉलेज निघालं होतं, तिथं इतिहास शिकवायचं काम मिळालं. पण तासावर. कायम कधी करायचं ते संस्थेच्या अध्यक्षांच्या मर्जीवर होतं.

रुजू व्हायच्या दिवशी आबा, म्हणजे माझे वडील, सोबत आले. कालव्याचं पाणी आलं तशी त्यांनी मेंढरं विकून ऊस लावला होता, पण शेवटच्या कातरणीची लोकर जपून ठेवली होती. ती त्यांनी स्वतः कातली, सणगराकडून तिचं काळंभोर घोंगडं विणून घेतलं आणि त्या दिवशी अध्यक्षांच्या खांद्यावर घातलं. आमच्यात याहून मोठा मान नाही. पाहुणा आला की आधी घोंगडं अंथरायचं, मग पाणी. खरं-खोटं करायचं तर घोंगड्यावर हात ठेवून. चपलेचा पाय त्यावर कधी पडत नाही. अध्यक्षांनी फोटो काढून घेतला आणि ग्रामीण वारशावर चांगली दहा मिनिटं बोलले.

आठ दिवसांनी त्या घोंगड्याचं त्यांच्या केबिनच्या दारात पायपुसणं झालं होतं.

मी काय केलं? मस्टर त्यांच्या केबिनमध्येच असायचं. पहिल्या दिवशी ओलांडून गेले. दुसऱ्या दिवशीही. ओलांडताना साडी आवरावी लागायची, शिपाई बघत राहायचा. मग एके दिवशी पाय पडला आणि पुढं रोज पडत गेला. दोन वर्षं. वर्गात संस्कृती शिकवायची आणि मस्टरवर सही करायला जाताना आबांच्या लोकरीला चपला पुसायच्या. अध्यक्षांचा राग यायचाच, पण स्वतःचा जास्त यायचा, आणि तो गिळून मी सही करायचे. कायम व्हायचं होतं ना मला.

शेवटी कायम करायची मुलाखत ठरली. त्या दिवशी मला न सांगता आबा आले. मी कागद घेऊन केबिनकडं निघाले, तर दारात चपला काढून ठेवलेल्या आणि घोंगड्यावर आबा मांडी घालून बसलेले. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"पोरी, बघ की. साह्यबांनी आपलं घोंगडं आंथरून ठिवलंय. येणाऱ्याजाणाऱ्याचा मान राखत्यात. लई मोठा माणूस हाय."

व्हरांड्यात उभे असलेले दोन प्राध्यापक तोंड फिरवून हसले. त्यांच्या थोबाडीत द्यावी असं वाटलं. मी म्हणाले, "आबा, उठा तिथनं. बाकावर बसा." एवढंच.

तेवढ्यात अध्यक्ष बाहेर आले. "अहो पाटील, पायपुसण्यावर काय बसलात?" आम्ही पाटील नाही. पण त्यांना नावाशी घेणंदेणं नव्हतं.

आबांनी खाली पाहिलं. मधोमध झिजलेली लोकर पाहिली, सुकलेला चिखल पाहिला, आणि मग माझ्या चपलांकडं पाहिलं. त्यांनी उठून घोंगडं झटकलं, घडी घातली, खांद्यावर टाकलं.

"तू जा आत," मला म्हणाले. "तुजं काम हाय."

मी आत गेले. उत्तरं चांगली दिली. विचारलेल्या प्रश्नांत एक आमच्या भागातल्या लोकजीवनावरही होता, त्यावर अध्यक्षांनी मान डोलावली. महिन्याभरात मी कायम झाले.

घोंगडं आबांनी ओढ्यावर नेऊन धुतलं, चिंचोक्याची खळ लावून ताठ केलं. आजही घरी कुणी आलं, मग तो सोयरा असो, भावकीतला असो नाहीतर वाट चुकलेला मेंढका, आबा तेच घोंगडं अंथरतात.

मी घरी गेले की माझ्यासाठी आतून खुर्ची आणतात.