पेटीबाहेरच्या चपला

आंबिवलीला आमच्या शेडमध्ये मोठमोठ्या यंत्रांना लाकडी पेट्या बांधतात. पेट्या कसल्या, चांगली खोलीएवढी घरंच. मी तिथं तपासणीला आहे. पेटी बंद व्हायच्या आधी शेवटची नजर माझी. इतकी वर्षं माझ्या हाताखालून पेट्या देशोदेशी गेल्या, आणि मी टिटवाळा ते आंबिवली, आंबिवली ते टिटवाळा.

या वेळचं यंत्र इतकं धिप्पाड होतं की साध्या मालविमानाच्या दारातून शिरलंच नसतं, आणि जहाजानं पाठवायला वेळ नव्हता. म्हणून परदेशातून खास विमान येणार होतं. त्याचं अख्खं नाक वर उचललं जातं आणि समोरून माल आत घेतात. वाटेत पेटीला काही झालंच तर दुरुस्तीला माणसं हवीत, म्हणून आमचे म्हातारे सुतार, मिस्त्रीकाका, आणि मी विमानतळावर जाणार होतो. त्या विमानाच्या गप्पांनी मी घरात सगळ्यांना पिडलेलं. नवरा म्हणाला, "अगं, तू बसणार नाहीयेस त्यात." म्हटलं, बघू तरी दे.

आमच्याकडे पेटीची शेवटची भिंत क्रेननं बसवतात आणि ती लागली की आरती होते. हळदकुंकू त्याआधीच यंत्राला, नारळ मात्र बाहेर, ट्रेलरच्या चाकापुढं फोडायचा. त्या दिवशी कुणा भाविकानं आंब्याची डहाळी आणि अख्खा नारळ यंत्राच्या मागं, पायाशी नेऊन ठेवलेला. माझं डोकंच फिरलं. परदेशात पेटीतून ओला पाला निघाला की सगळा माल अडकवतात, हे मी दर वेळी घसा फोडून सांगते. क्रेनपाशी उभ्या सुपरवायझरला म्हटलं, "मी आत जातेय, थांबवा जरा." त्यानं मान हलवली. फोन होता त्याच्या कानाला. ती मान फोनवरच्या माणसासाठी होती, हे मला नंतर कळलं.

पूजा झालेल्या यंत्राजवळ चपला घालून कसं जाणार? बाहेर काढल्या आणि शिरले. मागच्या कोपऱ्यात वाकून पानं गोळा करतेय तोवर उजेड गेला.

आधी मला राग आला. काय अक्कल आहे की नाही यांना, असं मोठ्यानं म्हणतच मी चाचपडत पुढं आले आणि भिंतीवर हात आपटला. तेवढ्यात खिळे ठोकायचं मशीन सुरू झालं. फाट फाट फाट, माझ्या कानाशी. मी मागं सरकले. मोबाइल बाहेर टेबलावर चार्जिंगला लावलेला. मशीन थांबलं तशी मी जीव खाऊन ओरडले, आणि बाहेर आरती सुरू झाली.

टाळ, घंटा, टाळ्या. आमची माणसं आरतीत कंजुषी करत नाहीत. मी नारळानं लाकडावर ठोकायला लागले, तर बाहेरच्या टाळ्यांना आणखी जोर चढला. त्यांना वाटलं, कुणीतरी पेटीवर ठेका धरलाय. मग मात्र माझ्या तोंडचं पाणी पळालं. आरतीनंतर लगेच क्रेन, मग ट्रेलर, मग ते विमान. त्याचं नाक एकदा मिटलं की ही पेटी पार तिकडं उघडणार होती. आतून जाड प्लॅस्टिक लावलेलं, वारा यायला फट नाही. लाकडाचा आणि ग्रीसचा वास घशात बसत होता. मी रडले. खोटं कशाला सांगू, आईला हाका मारून रडले.

आरती संपली. क्रेनच्या साखळ्या पेटीच्या छतावर पडल्याचा आवाज आला. ओरडायला गेले तर घशातून नुसती हवा.

मला साखर चालत नाही, म्हणून मिस्त्रीकाका प्रसादातलं नुसतं खोबरं काढून माझ्यासाठी वेगळं ठेवतात. ते घेऊन ते मला शोधत होते. टेबलापाशी नाही, पाण्याच्या टाकीपाशी नाही. आणि मग त्यांना चपला दिसल्या. पेटीच्या भिंतीला टेकलेल्या, आतल्या बाजूला तोंड करून.

"क्रेन थांबव," ते एवढंच म्हणाले. मग लाकडाला तोंड लावून, हळू आवाजात, "ताई?"

मी नारळ एकदा आपटला.

फळ्या त्यांनी स्वतः काढल्या. घाईत पटाशी दोनदा निसटली त्यांची. बाहेर आले तेव्हा नारळ माझ्या हातातून कुणाला सोडवता येईना. सुपरवायझर फोन खिशात घालून उभा होता, आणि त्याला शिव्या द्यायचंसुद्धा त्राण माझ्यात नव्हतं.

विमानतळावर मी गेले. सगळे नको म्हणाले, तरी गेले. फाटकावर आमच्या चपला काढून जड बूट घालायला दिले. विमान खरंच तसंच होतं, नाक आभाळाकडं उचलून उभं, समोर बोगद्याएवढा काळोख. इतके दिवस जे बघायचं होतं ते समोर होतं, आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पेटी हळूहळू आत सरकली, काळोखात दिसेनाशी झाली, आणि नाक खाली यायला लागलं.

मिस्त्रीकाकांनी माझ्या पायांकडं बघितलं.

"फाटकावर काढल्यात, काका," मी म्हटलं. "मी इथंच आहे."

"हो," ते म्हणाले. पण माझं मनगट धरलं, आणि नाक पुरतं मिटेपर्यंत सोडलं नाही.