तळघरातून वर आलेली इंगा

मुलगी राहते त्या ईडन प्रेरीहून पश्चिमेला निघालं की तासाभरात घरं संपतात आणि मका सुरू होतो. तो काही संपत नाही. मुग्धा गाडी चालवत होती, मागे नऊ वर्षांची नात इरा, आणि पुढे मी, फुगून बसलेली. गणेशोत्सवात मुलांना गणपतीची गोष्ट सांगायचं काम इथल्या मराठी मंडळाने मला दिलं होतं. वर विनंती, "काकू, प्लीज इंग्लिशमध्ये सांगा, मुलं कनेक्ट होत नाहीत." चौतीस वर्षं अकोल्यात मराठी शिकवलेल्या बाईला हे सांगणं! मी साफ नाही म्हटलं होतं.

"आई, एकदा रीथिंक कर ना. त्यांना मंडेपर्यंत कळवायचंय," मुग्धा म्हणाली.

"झालाय विचार," मी म्हटलं.

कुठेही गेले तरी तिथलं देऊळ पाहायची माझी जुनी खोड. इथे देवळाच्या जागी चर्च. एका गावात एकच रस्ता आणि त्यावर समोरासमोर दोन पांढरी लाकडी चर्च दिसली. एवढ्याशा गावाला दोन कशाला? कुतूहलाने पहिल्याचं दार ढकललं, तर आत ट्रॅक्टरची चाकं रचलेली.

"चर्च इकडे आहे!" समोरून हाक आली. नव्वदीच्या आसपासची एक ताठ बाई किल्ली घेऊन उभी होती. कॅरल तिचं नाव. मी सवयीने चपला दाराबाहेर काढल्या. तिने काही विचारलं नाही, पण जमीन गार म्हणून लोकरीचे मोजे आणून दिले.

तळघरातल्या स्वयंपाकघरात तिने आम्हाला कॉफी आणि लेफ्सा (बटाट्याची पातळ पोळी) दिली. मीठ घालायला विसरली असावी असं वाटलं, तरी मी तीन खाल्ल्या. खाताखाता तिने गावाची कथा सांगितली. तिचे पणजोबा नॉर्वेहून आले तेव्हा चर्च नव्हतं. गवताच्या कोठारात प्रार्थना व्हायची. पाच-सहा गावांत मिळून एकच पाद्री, तो दोन-तीन महिन्यांनी उगवायचा. तोवर जन्मलेली बाळं नावावाचून थांबायची.

"मग दोन चर्च का?"

"भांडण. प्रार्थना नॉर्वेजियनमध्ये करायची की इंग्रजीत, यावर. सभेत बोलायचं फक्त पुरुषांनी. बायका इथे खाली कॉफी करायच्या. माझी आजी, इंगा, कॉफी द्यायला वर गेली आणि तिथेच उभी राहिली. म्हणाली, माझी नातवंडं बाकावर बसून नुसती पाय हलवतात. त्यांना कळेल असं बोला."

सभा तिच्या बाजूने झाली. रागावलेल्यांनी रस्त्यापलीकडे आपलं वेगळं चर्च बांधलं.

"इंगाला इंग्रजी छान येत असेल," मी जरा खवचटपणेच म्हटलं.

"अगदी हाय-हॅलोपुरतं. पुढे मरेपर्यंत दर रविवारी यायची, पण पाद्री काय सांगतो ते तिला कळायचं नाही."

मला रागच आला. "मग तिला काय मिळालं?"

कॅरलने माझा कप पुन्हा भरला. "पाय हलवणाऱ्यांत मी सगळ्यात धाकटी होते," ती म्हणाली. "अजून येते."

आता रविवारी दहा-बाराच डोकी जमतात, हेही तिने सांगितलं. म्हणजे इंगा जिंकली असं मी म्हणणार नाही.

परतताना गाडीत इराने विचारलं, "आजी, वॉज शी लोनली?" कधी न पाहिलेल्या त्या बाईसाठी माझे डोळे भरून आले.

घरी पोचल्यावर मी मंडळाला होकार कळवला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मग इराला समोर बसवून माझ्या मोडक्या इंग्रजीत तालीम सुरू केली. दर वाक्याला ती मला थांबवून दुरुस्त करायची आणि मी निमूट तिच्यामागून म्हणायची. पार्वती आंघोळीला गेली, मुलगा दाराशी उभा राहिला, शंकर आले. इथे मी इंग्रजी शब्द शोधत अडखळले.

इरा पुढे सरकली. "देन व्हॉट?"

ही गोष्ट मी तिला आजवर मराठीत दहादा तरी सांगितली असेल. पुढे काय झालं, हे तिने पहिल्यांदाच विचारलं.