कॅमेऱ्यावरचा पंचा

मी घरोघरी कॅमेरे, टीव्ही आणि वायफाय बसवतो. बनारसमध्ये या धंद्यात एक मोठी सोय आहे, काहीही बिघडलं की माकडांवर ढकलता येतं. वायर तुटली, माकडं. नेट गेलं, माकडं. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण एकदा मी माकडांच्या नावावर जवळजवळ वर्षभर खोटं बोललो. ते आता सांगूनच टाकतो.

राजा घाटाच्या वरच्या गल्लीत एक काकू एकट्या राहतात. मुलगा बंगळुरूला. त्याने अट घातली होती, स्वयंपाकघरात कॅमेरा लावू दे, नाहीतर माझ्याकडे राहायला ये. काकूंना काशी सोडायची नव्हती, म्हणून कॅमेरा आला. मी तो ओट्यासमोरच्या भिंतीवर बसवला, मुलाच्या मोबाइलला जोडून दिला आणि चहा पिऊन निघालो.

दुसऱ्याच दिवशी बोलावणं. काकू सोवळ्यात, दारातूनच म्हणाल्या, "तुझं ते यंत्र माझ्याकडे बघतंय."

"यंत्राला काय कळतंय, काकू?"

"त्याच्यामागे माझा मुलगा बसलाय ना! तिकडे आम्लेट खात खात हा माझा नैवेद्य बघणार. देवाच्या आधी ताटावर कुणाची नजर नको."

माझ्या आईकडेही हेच होतं, त्यामुळे वाद घालता येईना. त्या सोवळ्यात कॅमेऱ्याला शिवणार नव्हत्या. मग मीच स्टुलावर चढून त्यावर धुतलेला पंचा घातला. नैवेद्य झाला की काढायचा, असं ठरलं होतं. तो काही निघाला नाही.

मुलाचा फोन आला. "दादा, काळोख दिसतोय."

"माकड," मी म्हणालो. "खिडकीतून आलं, लेन्सच फोडली."

पुढे दर थोड्या दिवसांनी त्याचा फोन यायचा आणि मी नवं माकड सोडायचो. काकू बाजूला बसून सूचना करायच्या, "मागच्या खेपेला वायर तोडली होती, आज दुसरं काही सांग." दुरुस्तीच्या निमित्ताने मी वरचेवर जायचो, उंबऱ्याशी बसून प्रसाद खायचो, सुनेची गाऱ्हाणी ऐकायचो. "माझा मिस्त्री फार हुशार," त्या म्हणायच्या, "एक कॅमेरा त्याला दुरुस्त होत नाही."

श्रावणात एकदा प्रसाद देताना त्यांचं मनगट सुजलेलं दिसलं. पाटावरून उठताना घसरल्या होत्या. "त्याला कळू देऊ नकोस हं, लगेच तिकीट काढेल."

त्या तशाच पडून राहिल्या असत्या, तर मुलाला नुसता काळोख दिसला असता. आणि तो पंचा माझ्या हातचा होता.

घाटावर उतरलो आणि मुलाला फोन लावला. पंचा, माकडं, मनगट, सगळं सांगितलं. तो हसायलाच लागला.

"दादा, त्या कॅमेऱ्याला माइक आहे. तुम्हीच चालू करून दिला होतात."

मी पायरीवर बसलो. पंच्याने डोळे झाकले जातात, कान नाही, हे इतकी वर्षं हेच काम करणाऱ्या माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"आई पडली तेही ऐकलं. पाठोपाठ तिने पाटाला शिव्या घातल्या, तेव्हा जीव भांड्यात पडला. रोज सकाळी तिची बडबड ऐकतच मी आवरतो. बोललो असतो तर तिने कॅमेरा गंगेत टाकला असता."

"मग आता त्यांना तिकडे नेणार?"

"एवढी भांडतेय तोवर कशाला? पण तिला यातलं काही सांगू नका. आणि माकडांची माफी मागा."

एक गुपित टाकून लगेच दुसरं उचलायची माझ्यात ताकद नव्हती. तसाच वर गेलो आणि काकूंना माइकचं सांगून मोकळा झालो.

काकूंनी पंच्याकडे पाहिलं. "सुनेचं बोलले, तेही ऐकलं त्याने?"

"तेही असणार."

मी पंचा काढायला स्टूल ओढलं. "राहू दे," त्या म्हणाल्या, "उद्या परत नैवेद्य आहेच." मग पंच्यासमोर उभ्या राहून, बहिऱ्याशी बोलावं तशा मोठ्याने म्हणाल्या, "ऐकतोयस ना? मनगट बरं आहे. मी तिकडे येत नाही. आणि तुझ्या बायकोचं लोणचं खारटच असतं, ते मी मागे घेत नाही!"

आणि माझ्याकडे वळल्या. "तू रे? आता कुठल्या माकडाचं नाव सांगून येणार इथे?"

"माइक तपासायला येईन," मी म्हणालो.